पांढरी दोन, काळी दोन

जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीची पहिली बाजू जगाने ३३ वर्षं चढ्या सुरात ऐकली. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर, कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली, तेव्हा मुख्य टेप-यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू चालणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप पुढे बरोबर वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत जरा घाईने आणि जरा वरच्या सुरात वाजतं. फरक अर्ध्या स्वराहूनही कमी. पण पांढरी दोनमध्ये वाजवलेलं ‘सो व्हॉट’ त्यामुळे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसलं. रेकॉर्ड लावून तिच्यासोबत पियानो वाजवू पाहणाऱ्या नवशिक्यांना पट्टी सापडेना. ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन असेल तर वाद्याचा एखादा भाग थोडा आत-बाहेर सरकवून जुळवून घेता येतं, पियानोला ती सोय नाही.

कोलंबियाच्या स्टुडिओत एकाच वेळी दोन यंत्रं चालत. एकावर मुख्य टेप, दुसऱ्यावर राखीव. त्या दिवशी राखीव यंत्राचा वेग बरोबर होता. ती राखीव टेप कपाटात पडून राहिली आणि १९९२ साली तिच्यावरून पहिली बाजू दुरुस्त होऊन बाहेर आली. दुसरी बाजू २२ एप्रिलला मुद्रित झालेली, तिला हा दोष नव्हताच. म्हणजे एवढी वर्षं एकाच तबकडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या सुरांत लागलेल्या होत्या, आणि लाखो लोकांनी ती उलटून पुढे ऐकली होती.

पट्टीचा विचार करत गाणं ऐकणाऱ्या आपल्या लोकांना यात आणखी एक गोष्ट दिसेल. ‘सो व्हॉट’ची बांधणी फार थोडक्यात सांगता येते. पांढरी दोन सा धरून काफी थाटाचे स्वर, सोळा मात्रांगटांपर्यंत. मग तेच काफीचे स्वर अर्धा स्वर वर, काळी दोन सा धरून, आठ गट. पुन्हा खाली येऊन आठ. एवढ्यावर सगळं उभं आहे. कॉर्डच्या चढउतारांची दाटी बाजूला सारून एका स्वरसमूहावर रेंगाळायचं, आणि रेंगाळून झालं की षड्जच उचलून अर्धा स्वर वर ठेवायचा, हा त्या रचनेचा जीव. ज्या रचनेत अर्ध्या स्वराची एकच उडी आणि तीच सगळी गंमत, नेमकी तीच रचना इतकी वर्षं अर्ध्या स्वराच्या फटीत अडकलेली होती.

जॅझच्या जुन्या तबकड्यांच्या हाय-रेझ फाइली मी विकत घेते, त्यामागचं कारण मला या हकिगतीत सापडतं. कारण आकड्यांत आहे असं दुकानं सांगतात. मला ते पटलेलं नाही, आणि तरी मी घेते.

आकडे आधी पाहू. सीडीमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हाय-रेझ म्हणून विकली जाणारी सर्वांत मोठी नेहमीची फाइल २४ बिट आणि १,९२,००० नमुन्यांची. ‘काइंड ऑफ ब्लू’ साधारण पाऊण तासाची आहे. सीडीच्या दर्जात ती ४८० एमबीच्या आसपास जाते, २४/१९२ मध्ये ३ जीबीच्या वर. फ्लॅक नावाच्या पद्धतीने एकही नमुना न गमावता ती आवळता येते, तरी मोठी ती मोठीच. पैसेही वाढतात. सीडीच्या दर्जाची फाइल दहा-पंधरा डॉलरला मिळत असेल तर मोठी वीस-पंचवीसच्या घरात.

या वाढीव आकड्यांतून कानाला काय मिळतं? ४४,१०० नमुन्यांत २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरता मावतो, आणि माणसाचा तरुण कान फार तर २०,००० पर्यंत पोचतो. वय वाढलं की तेही नाही. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. १९५०च्या दशकातल्या टेपची स्वतःची सळसळ त्या तळाच्या कितीतरी वर असते. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी बॉस्टन परिसरातल्या जाणकार श्रोत्यांपुढे हाय-रेझ संगीत वाजवलं आणि त्याच्या वाटेत सीडीच्या दर्जाची एक पायरी कधी घातली, कधी काढली. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के भरलं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो फरक खरा आहे, सराव असलेल्या श्रोत्यांत जास्तही आहे. पण संध्याकाळी दिवे मंद करून बिल एव्हन्सचा पियानो ऐकणाऱ्या माणसाने त्याच्यावर काय उभारायचं? एकाच मास्टरवरून काढलेल्या लहान आणि मोठ्या फाइलीतला फरक मला ऐकू येत नाही. ऐकू येतो असं मानून घेण्याची मला गरजही वाटत नाही.

मला ऐकू येतो तो मास्टरांमधला फरक. तो मात्र दिवस-रात्रीइतका मोठा असू शकतो.

फाइल कुठल्या टेपवरून काढली, ती टेप मूळ की तिच्या प्रतीची प्रत, कोणत्या यंत्रावर वाजवली, यंत्राचं हेड त्या टेपशी नीट जुळवून घेतलं होतं का, नंतर कुणी सळसळ पुसण्याच्या नादात झांजांची चकाकीही पुसली का, आवाज मोठा वाटावा म्हणून हळू आणि जोरकस यांतलं अंतर दाबून सपाट केलं का, हे सगळं फाइलीत उतरतं. ‘२४/१९२’ या शिक्क्यातून त्यातलं काहीही कळत नाही. सीडीवरूनच नमुने वाढवून फुगवलेल्या फाइलीही या धंद्याच्या सुरुवातीच्या काळात हाय-रेझ म्हणून विकल्या गेल्या. अशी फाइल संगणकावर उघडून तिचा वर्णपट पाहिला तर २२,००० हर्ट्झच्या रेषेवर आवाज सुरीने कापल्यासारखा थांबलेला दिसतो. खऱ्या टेपवरून आलेला आवाज असा थांबत नाही. तो हळूहळू टेपच्या सळसळीत विरत जातो.

आकड्यांवरचा विश्वास किती पोकळ असू शकतो ते २०२२च्या उन्हाळ्यात दिसलं, आणि तेही उलट्या दिशेने. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध. ऐकणारे मानत होते की मूळ टेप ते तबकडी या वाटेत डिजिटल काहीच नाही. प्रत्यक्षात कंपनी बरीच वर्षं टेपवरून आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवून घेत होती आणि त्यावरून तबकडी कापत होती. डिजिटलचा वास लांबूनही येतो असं सांगणाऱ्या कानांना त्या तबकड्या वर्षानुवर्षं उत्तम वाटल्या होत्या. लोक फसवले गेल्याने रागावले, आणि तो राग रास्त होता, कारण त्यांच्यापासून वाट लपवली गेली होती. पण तबकड्या चांगल्या वाजत होत्या हेही तितकंच खरं. टेप चांगली होती, ती वाजवणारी माणसं चांगली होती.

तेव्हा प्रश्न टेपचा. आणि टेप ही गोष्ट फार नाजूक आहे.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी एका दिवसात मुद्रित झाली. पुढे अमेरिकेत बरीच वर्षं ती ज्या टेपांवरून निघत राहिली त्या एलपी छापण्यासाठी केलेल्या कामचलाऊ प्रती होत्या. चांगली प्रत सापडली इंग्लंडमध्ये. १९६५ साली ईएमआयला तिकडची तबकडी काढण्यासाठी पाठवलेली टेप तिथे शाबूत होती, आणि २००२ची आवृत्ती तिच्यावरून झाली. एका देशातला मूळ ऐवज दुसऱ्या देशातल्या कपाटाने जपला. याच कोल्ट्रेनने ६ मार्च १९६३ ला चौघांच्या संचासोबत एक संपूर्ण सत्र मुद्रित केलं होतं, ते ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ या नावाने २०१८ साली बाहेर आलं. कंपनीकडची मास्टर टेप तोवर नाहीशी झालेली होती. गोदामाची जागा वाचवायला ती टाकून दिली गेली असं मानतात. वाचलं ते कोल्ट्रेनने घरी ऐकायला म्हणून नेलेलं सात इंची मोनो रीळ. ते त्याने नाइमाकडे, आपल्या पहिल्या पत्नीकडे ठेवलं. लग्न मोडलं, तो १९६७ साली गेला, ती १९९६ साली गेली, आणि रीळ तिच्या कुटुंबात राहिलं.

आता हाय-रेझच्या दुकानात ही फाइल मिळते, मोठ्या आकड्यांसह. तिच्यातला प्रत्येक आवाज एका बाईने घरात जपून ठेवलेल्या त्या लहानशा रिळातून आलेला आहे. मी पैसे दिले ते त्या जपणुकीला. आकडे कितीही लावा, रीळच नसतं तर फाइल नसती.

१ जून २००८ रोजी हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. त्या आवारातल्या एका इमारतीत युनिव्हर्सल म्युझिकच्या मास्टर टेपा होत्या. जगाला तेव्हा कळलं ते मुख्यतः एवढंच, की चित्रपटांचे सेट आणि एक करमणुकीचा देखावा जळाला. टेपांचं काय झालं ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकाने २०१९ साली मांडलं. नुकसानीच्या आकड्यावरून वृत्तपत्र आणि कंपनी यांच्यात वाद झाला. आग लागली आणि टेपा जळाल्या याबद्दल वाद नाही. तो लेख वाचल्यापासून माझा हाय-रेझकडे बघण्याचा दृष्टिकोन पालटला. अजून वाजू शकणारी टेप आज उत्तम यंत्रावर, सावकाश, एकदाच, जमेल तेवढ्या बारकाईने उतरवून ठेवावी आणि मग तिला विश्रांती द्यावी, या कामासाठी २४ बिट आणि १,९२,००० नमुने हे आकडे योग्यच आहेत. ऐकायला लागतात म्हणून नव्हे. पुन्हा उतरवायची संधी मिळेलच असं नाही म्हणून.

कानापलीकडच्या कंपनांचाही इथे एक उपयोग आहे, आणि तो मला फार सुंदर वाटतो. टेपवर आवाज नीट चिकटावा म्हणून मुद्रण करताना त्यात एक अतिशय उंच, माणसाला कधीही ऐकू न येणारा स्थिर स्वर मिसळतात. त्याला बायस म्हणतात. टेप उतरवताना पुरेसे बारीक नमुने घेतले तर त्या स्वराची अंधुक खूण पकडता येते. तो मुळात स्थिर होता हे माहीत असतं, म्हणून तो जिथे थरथरतो तिथे यंत्र थरथरलं होतं असा निष्कर्ष निघतो, आणि त्या अंदाजाने सगळ्या संगीताची चाल सरळ करता येते. प्लॅन्जंट प्रोसेसेस ही अमेरिकेतली मंडळी हेच काम करतात. म्हणजे तो उंच स्वर संगीतासोबत तानपुऱ्यासारखा सतत लागलेला होता, फक्त कुणाला ऐकू येत नव्हता, आणि साठ वर्षांनी त्याच्यावरून संगीताचा सूर तपासता आला.

हे सगळं जिच्यासाठी करायचं ती गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी सूर-तालाच्या आधी खोलीचं नाव घेईन. त्या काळचं जॅझ माणसांनी एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवलेलं आहे. माइक सगळ्यांनाच थोडंथोडं ऐकत होते. त्यामुळे चांगल्या फाइलीत वादकांइतकीच खोलीही ऐकू येते.

३०व्या रस्त्यावरचा तो स्टुडिओ मुळात चर्च होता. उंच छत, लाकडी जमीन, आणि आवाजाला वर जाऊन शांतपणे खाली यायला पुरेशी जागा. ‘काइंड ऑफ ब्लू’त ड्रमवर असलेल्या जिमी कॉबची झांज एकदा वाजते आणि तिची झळाळी त्या उंचीत पसरते, तेव्हा मला छत दिसतं. डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’ त्याच वर्षी त्याच जागेत झाली. ग्लेन गूल्डने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये इथेच वाजवली. १९८१ साली स्टुडिओ बंद झाला आणि नंतर इमारत पाडली. ती खोली आता फक्त टेपांवर आहे.

रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि संध्याकाळी न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकमध्ये आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात माइक लावायचा. ब्लू नोट, प्रेस्टिज या कंपन्यांच्या १९५०च्या दशकातल्या कितीतरी तबकड्या त्या दिवाणखान्यातल्या आहेत. सनी रॉलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ही, २२ जून १९५६ची. सॅक्सोफोन इतका जवळ, इतका मांसल, की वादकाचा श्वास आपल्या खांद्यावर पडावा. पियानो मात्र काहीसा कोंडलेला वाटतो, आणि त्याबद्दल जाणकार आजही तक्रार करतात. १९५९ मध्ये व्हॅन गेल्डर एंगलवूड क्लिफ्सला खास बांधलेल्या, लाकडी कमानींच्या उंच छपराखाली गेला. ‘अ लव्ह सुप्रीम’ तिथली. त्याच्या टेपा बहुधा तिथल्या तिथे दोन ट्रॅकवर मिसळलेल्या असायच्या, नंतर दुरुस्तीची सोय फार कमी. म्हणून त्या टेपेत वादकांइतकाच तोही आहे.

आणि कॅलिफोर्नियातली खोली तर मालाची! लॉस एंजेलिसच्या कंटेम्पररी कंपनीत रॉय ड्युनन हा तंत्रज्ञ तबकड्यांची खोकी ठेवायच्या खोलीत मुद्रण करायचा. रॉलिन्स ७ मार्च १९५७ ला तिथे आला. सोबत रे ब्राउन आणि शेली मॅन, पियानो नाहीच. तिघांनाही दिवसा दुसरीकडे कामं असल्याने पहाटे ३ला वाजवायला सुरुवात झाली. ‘वे आउट वेस्ट’ ही ती तबकडी. एका बाजूला सॅक्सोफोन, दुसऱ्या बाजूला ड्रम आणि बास, मधे मोकळी हवा. स्टिरिओ नवा होता, पण त्या हवेत कसली घाई नाही. मालाच्या खोलीतून निघालेल्या या आवाजाच्या पुढे आजही फार थोडी मुद्रणं जातात असं माझं प्रामाणिक मत आहे.

सर्वांत जास्त वेळ मी ज्या खोलीत काढला आहे ती न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरच्या तळघरातली, व्हिलेज व्हॅनगार्ड. १९३५ पासून तो क्लब चालू आहे. २५ जून १९६१, रविवार. बिल एव्हन्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ड्रमवर. दुपारपासून रात्रीपर्यंत पाच फेऱ्या वाजवल्या आणि सगळ्या टेपवर घेतल्या. श्रोते फार नव्हते, आणि जे होते त्यांतले सगळेच ऐकत नव्हते. ग्लास ग्लासावर आपटतात. कुणीतरी हसतं. एका टेबलावर गप्पा चालू आहेत, शब्द कळत नाहीत पण माणसं कळतात. पियानो अगदी हलका झाला की त्या गप्पा पुढे येतात, आणि लाफारोचा बास वर चढून पियानोशी बोलू लागला की मागे जातात. बासने नुसता ठेका धरून मागे चालायचं, हा तोवरचा रिवाज. लाफारो तो पाळत नाही. तो एव्हन्सचं वाक्य मधेच पकडतो, पुरं करतो, कधी उलटून विचारतो. मोशन दोघांच्या मधे ब्रशने जागा करून देत राहतो. मी या मुद्रणाकडे वळते ती तिघांमधल्या या बोलण्यासाठी, आणि टेबलावरच्या त्या अनोळखी लोकांसाठीही. जवळच आयुष्यात एकदाच घडणारं काही घडतंय हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांचं हसणं त्यातून वेगळं काढता येत नाही.

पहिल्याच फेरीत, लाफारोच्याच ‘ग्लोरियाज स्टेप’ या रचनेत, वीज गेली आणि टेप क्षणभर अडखळली. तेवढ्यासाठी तो तुकडा तबकडीत घेतला नव्हता. २००५ साली सगळ्या फेऱ्या क्रमाने निघाल्या तेव्हा तोही आला, वीज गेल्याच्या जखमेसह. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. एव्हन्सने नंतर कित्येक महिने वाजवणं जवळजवळ सोडलं. त्या तिघांचं त्यानंतर काहीही नाही, म्हणून वीज गेलेला तुकडाही हवा. एका निर्मात्याला १९६१ साली तो टाकाऊ वाटला हे बरोबरच होतं, आणि कुणीतरी तो फेकून दिला नाही हेही.

कुणी म्हणेल, हे सगळं आता दरमहा थोडे पैसे भरून ऐकता येतं. २०२१ पासून ॲपल म्युझिकही वेगळे पैसे न घेता हाय-रेझ वाजवतं. खरं आहे, आणि नवं काही ओळखायला मीही तोच मार्ग धरते. पण तिथे कुठलं मास्टरिंग वाजतंय ते बऱ्याचदा सांगितलेलं नसतं. आज आहे ते उद्या गुपचूप बदललं जाऊ शकतं, आणि करार संपला की तबकडीच यादीतून नाहीशी होते. विकत घेतलेली फाइल माझ्या डिस्कवर असते, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती तशीच राहते. कुणाच्या तरी कपाटात आणखी एक प्रत असणं या संगीताच्या किती कामी आलं आहे ते वर सांगितलंच. अर्थात विकत घेणंही सरळ नाही. प्रत्येक देशाचे हक्क वेगळे, आणि एका देशात खुलं असलेलं दुकान दुसऱ्या देशातल्या कार्डाला नकार देतं. ज्यांनी वाजवलं त्यांच्या संगीताने सीमा कधी मानल्या नव्हत्या.

फाइल घेताना एक गोष्ट हरवते, आणि तिचं मला खरंच दुःख आहे. एलपीच्या मागच्या बाजूचा मजकूर. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पाठीवर, त्यात पियानो वाजवणाऱ्या खुद्द बिल एव्हन्सने लिहिलं होतं, आणि तात्काळ वाजवण्याची तुलना जपानी शाईचित्रांशी केली होती, जिथे कागद इतका पातळ की हात थबकला तर तो फाटतो. तो मजकूर वाचून ते संगीत ऐकणं आणि न वाचता ऐकणं यांत अंतर आहे. काही दुकानं पीडीएफ देतात, पुष्कळ देत नाहीत. कोण वाजवतंय, कधी, कुठे, कुणी मुद्रित केलं, ही नावंसुद्धा फाइलीसोबत अनेकदा येत नाहीत. ती मी स्वतः शोधून, फाइलीत भरून ठेवते. ज्या संगीतात प्रत्येक माणसाचा आवाज नावानिशी ओळखता येतो, तिथे ‘विविध कलाकार’ असं लिहिलेलं मला बघवत नाही.

पैशांचंही बोललं पाहिजे. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पाचही रचना मूळ तबकडीवर माइल्सच्या नावावर होत्या. ‘ब्लू इन ग्रीन’ आपली असल्याचं एव्हन्स पुढे सांगत राहिला. वादकांना युनियनच्या दराने सत्राचं मानधन मिळालं. त्या सत्रांतला शेवटचा हयात वादक जिमी कॉब २०२० साली गेला. मी दिलेल्या डॉलरांतून कॉबच्या झांजेला काही मिळत नाही हे मला ठाऊक आहे. मिळतं ते कंपनीला आणि हक्कदारांना. त्यातला एखादा भाग टेपांच्या थंड, कोरड्या खोलीच्या भाड्यात जावा, एवढीच मला आशा आहे. आणि म्हणूनच ज्या आवृत्तीवर टेप कोणी, कधी, कशावरून उतरवली हे लिहिलेलं असतं, तिला मी थोडे जास्त पैसे आनंदाने देते.

रॉलिन्सचं नाव घेतलं की मला पवई आठवते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो सगळं सोडून मुंबईला आला आणि पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला. पुढे १९७८ साली निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा तो परत आला, या वेळी सॅक्सोफोन वाजवायला. हॅकनसॅकचा दिवाणखाना आणि मालाची खोली मागे सोडून तो इथवर आला होता. आणि इथे ते संगीत आधीपासूनच होतं. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे संच वाजत होते. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले कितीतरी तरुण मुंबईच्या हॉटेलांत आणि मग चित्रपटांच्या स्टुडिओंत पोचले. त्यांतला आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चोकोलेट, ट्रंपेटवाला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा संच पडद्यावरही दिसतो. ‘अलबेला’ची गाणी ज्या मराठी घरांत आजही वाजतात, त्यांतल्या पुष्कळांना तो ट्रंपेट कुणाचा हे माहीत नाही.

चिक चोकोलेट १९६७ साली गेला, कोल्ट्रेन गेला त्याच वर्षी. एकाच्या एका सत्राच्या घरगुती रिळावरून जगभर फाइली विकल्या जातात. दुसऱ्याने ताजमध्ये, नाचायला आलेल्या लोकांपुढे रात्रीमागून रात्री जे वाजवलं, त्याच्यापुढे टेप-यंत्र लावलेलं नव्हतं. त्याच्या जॅझचं जे काही उरलं आहे ते थोड्या ७८च्या तबकड्यांवर, लाखेच्या, तीन-तीन मिनिटांच्या. कंपन्यांना त्यांत व्यवसाय दिसत नाही. त्या ज्या लोकांनी सांभाळल्या ते संग्राहक आहेत, किंवा ज्यांना जुनं सामान टाकवलं नाही अशी घरं आहेत.

अशी एखादी तबकडी नीट उतरवता येते. खरचटलेली असली तरी स्वच्छ धुवून, खाचेच्या रुंदीला योग्य अशी सुई निवडून. लाखेचा खरखराट उरेल आणि तो उरू द्यावा. ट्रंपेटची धार त्याच्यासोबत पुसली जाण्यापेक्षा बरा. २४ बिटांची गरज नाही, पण उतरवताना वापरावेत, कारण तबकडी हातातून पडली की फुटते. आणि फाइलीसोबत सगळी नावं द्यावीत: कोणत्या वाद्यावर कोण, कुठल्या साली, कुठल्या शहरात, आणि ही प्रत इतकी वर्षं कुणाच्या घरात होती तेही. अशी फाइल विकायला आली तर मी ती घेईन, आणि आकडा बघायच्या आधी ते शेवटचं नाव वाचेन.